नाना, तू अकरा किलो उतरला होतास

नाना, काल रेखाने आणि मी तुझं दुकान उघडलं. तुला जाऊन सोळा दिवस झाले, तोवर शटर बंदच होतं, आणि बियाण्यांची चौकशी करायला लोक घरी यायला लागले होते. म्हणून गेलो. गल्ल्याखालचा खण ओढला आणि माझं डोकंच फिरलं. गुडघ्याच्या गोळ्यांच्या पट्ट्याच पट्ट्या, काही रिकाम्या, काही अर्ध्या. मागे लिंबाच्या लोणच्याची बाटली. डायलिसिसवरचा माणूस, मीठ बंद, आणि खणात लोणचं! तेही दडवलंस कुठे, तर फवारणीच्या औषधांच्या माहितीपत्रकांखाली, जिथे तुझी बायको रेखा हात घालणार नाही. मी तिथेच उभी राहून तुला शिव्या घातल्या, चांगल्या मोठ्याने. शेजारचे पंक्चरवाले चाचा डोकावले, माझा अवतार बघितला आणि परत आपल्या ट्यूबकडे गेले.

रेखा काहीच बोलली नाही. तेरवी झाल्यापासून ती माझ्याशी बोलतच नव्हती. का, तेच सांगायला लिहायला बसलेय. पण आधी तुझ्याशी भांडून घेते. पन्नास वर्षांत तुझ्याशी भांडल्याशिवाय मी तुला कुठलीच गोष्ट धड सांगितलेली नाही, आता काय सवय मोडायची.

मी तुझी बहीण, तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, आणि तू माझं कधीही काहीही ऐकलेलं नाहीस. तापीकाठची शेती निम्म्या वाट्याने देऊन विसरवाडीच्या नाक्यावर कृषी केंद्र टाकायचं ठरवलंस तेव्हा मी म्हटलं होतं, नाना, तू चालणारा माणूस आहेस, खुर्चीत बसून तुझं काही खरं नाही. तू हसलास. शेतात होतास तेव्हा दिवसभर पायी, बांधावर उभ्याने भाकरी आणि मिरचीचा ठेचा. नाक्यावर आलास आणि सकाळी फाफडा, दहाला चहा, बाराला चहा, गिऱ्हाईक आलं की चहा, त्याच्याबरोबर जलेबी. घर दुकानापासून हाकेच्या अंतरावर, तरी मोटारसायकल. बसायचास तेव्हा खुर्ची कुरकुरायची. तू म्हणायचास, खुर्ची जुनी झाली.

मग तो पहिला रिपोर्ट. आठ वर्षं झाली त्याला. चक्कर आली म्हणून नंदुरबारला नेलं, मीच नेलं, कारण तू रेखाला पोटातला गॅस आहे असं सांगून मोकळा झाला होतास. डॉक्टरबाई तरुण होती, पण बोलायला स्पष्ट. म्हणाली, शुगर नाही झालेली, पण बॉर्डरलाइनवर आहे. बीपी वाढलंय. वजन शहाण्णव. आणि लघवीत थोडं प्रोटीन जातंय. तिने पाठकोऱ्या कागदावर एक चाळणी काढून दाखवली. किडनी म्हणजे चाळणी, रक्तातलं चांगलं धरून ठेवते आणि घाण सोडते. पोटावर चरबी वाढली, बीपी वाढलं, साखर चढायला लागली की ही चाळणी ताणली जाते, भोकं मोठी होतात. शुगर झाल्यावरच हे होतं असं नाही, काहींच्या बाबतीत आधीपासून सुरू होतं. आणि किडनी दुखत नाही, ती तक्रार करत नाही, म्हणून लोक उशिरा येतात. तुम्ही वेळेवर आलात. आठ-दहा किलो कमी करा, रोज चाला, मीठ-पापड-लोणचं कमी, तंबाखू बंद, मनाने दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका. यातलं बरंचसं परत फिरवता येतं.

परत फिरवता येतं, असं म्हणाली होती ती. मी ते शब्द ऐकले, तू ऐकलास फक्त बॉर्डर. परतीच्या जीपमध्ये मला म्हणालास, "बॉर्डरवर शे म्हने. अक्का, आपला तालुकाच गुजरातना बॉर्डरवर शे. इतला वर्षे व्हयनात, कोठे काय व्हयनं आपले?" जीपमधले चार लोक हसले. तुला गिऱ्हाईक हसलं की बस्स.

त्यानंतरचे तुझे प्रकार आठवले की अजून माझं रक्त तापतं. साखर सोडली म्हणून गावभर सांगितलंस, आणि चहात गूळ टाकायला लागलास, साखरेच्या दुप्पट. गूळ म्हणे गावठी, त्याने काही होत नाही. चौदा वर्षं विज्ञानाच्या शिक्षकाशेजारी राहिलेला माणूस तू. मग सायकल घेतलीस. ती आठ दिवस चालवलीस आणि नंतर तिच्यावर टॉवेल वाळत. मग मनगटाला पावलं मोजणारं घड्याळ. मी दुपारी दुकानात आले तर तू खुर्चीत बसून त्याच हाताने पुठ्ठ्याने वारा घेत होतास, आणि मला घड्याळ दाखवून म्हणालास, "दख, सहा हजार व्हई गयात." सहा हजार पावलं, खुर्चीत बसून. मी हसले, काय करणार. तुझ्यावर चिडायचं म्हटलं तरी तू धड चिडू द्यायचा नाहीस.

तुला वठणीवर आणलं ते रेखाने. हे मी तेव्हा कबूल केलं नाही, आता करते. ती निफाडकडची, पंचवीस वर्षं इथे काढून अहिराणी सगळी समजते पण बोलते आपलं पुस्तकी मराठी, म्हणून आपल्याकडच्या बायका तिला अजून बाहेरची समजतात. मीही समजायचे. ती वाद घालत नाही. तिने फक्त एके दिवशी तुझं ताट वेगळं वाढलं: दीड भाकरी, डाळ, भाजी भरपूर, तेल बेताचं, पापड नाही. तू आरडाओरडा केलास. तिने ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं. संध्याकाळी तेच ताट. दुसऱ्या दिवशी तेच. मग उजाडताना तिने पायात बूट घातले, दारात उभी राहिली आणि म्हणाली, मी नवापूरच्या रस्त्याने चालायला जातेय, एकटी बाई जाताना बघायचं असेल तर घरी बसा. तू निघालास. मुकाट्याने. मला हे तूच फोनवर सांगितलंस, आणि मी काय म्हणाले माहितीये? मी म्हणाले, जरा जास्तच कडक आहे रेखा.

आठ महिन्यांत तू अकरा किलो उतरलास. तंबाखू सुटली. बीपीची एक गोळी रोज घ्यायला लागलास. जुने सदरे अंगाला यायला लागले. त्या डॉक्टरबाईने परत तपासण्या केल्या आणि तुझा फोन आला, मी खापरच्या बाजारात होते, आवाजात काही ऐकू येईना, तरी तू ओरडत होतास, "अक्का, मी पास व्हई गऊ. लघवीमा काहीच नही निंघनं." शुगरसुद्धा खाली आली होती. तू इतका खूश होतास की त्या दिवशी जलेबी खाल्ली असशील असं मला वाटलं. नव्हती खाल्लीस. रेखाला विचारलं मी.

आता माझं सांगते.

तुला माहिती आहे मी काय काम केलं. एकतीस वर्षं अंगणवाडीत, आधी सेविका, मग पर्यवेक्षिका. अक्कलकुव्याच्या वरच्या पट्ट्यात, काठी गावाच्या आजूबाजूच्या पाड्यांवर, पोरांची वजनं केली. झोळीत पोर घालायचं, काटा बघायचा, तक्त्यावर ठिपका द्यायचा. ठिपका वर गेला की माझा जीव भांड्यात पडायचा. खाली आला की मी आईला धारेवर धरायचे, काय खायला घातलंस, जुलाब झाले होते का, दवाखान्यात का नाही आणलं. एकतीस वर्षं माझ्या डोळ्याला एकच वळण लागलं: वजन उतरलं म्हणजे काहीतरी बिघडलं, वजन वाढलं म्हणजे पोर वाचलं. त्या पोरांसाठी ते खरंच होतं. पण डोळा तोच घेऊन मी घरी यायचे, आणि तुझी गालफडं बसलेली दिसली की मला खाली आलेला ठिपकाच दिसायचा. रिपोर्ट चांगला आलाय हे कळत होतं, तरी. एकट्या मलाच नाही, सगळ्यांनाच तू आजारी वाटायचास. गावात शिरलास की पारावरून विचारायचे, "नाना, काय रे, वाळी गया पुरा. घरमा काही कटकट शे का?" आपल्यात माणूस बारीक झाला की एक तर आजार, नाही तर घरात दुःख. तिसरं कारण कुणाच्या डोक्यातच येत नाही.

आणि त्याच सुमारास माझ्या सोनलची सोयरीक आली.

सोनलचे वडील ती सातवीत असताना गेले. तेव्हापासून तिच्या बाजूने पुरुषमाणूस म्हणून तू. शाळेचा दाखला, कॉलेजची फी, वसतिगृहात सोडायला जाणं, तिचं पहिलं बँकेचं खातं, सगळीकडे मामा. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही, पण तू नसतास तर मी नोकरी आणि पोरगी दोन्ही सांभाळूच शकले नसते. मी डोंगरात असायचे, ती तुझ्या घरी जेवायची. रेखाच्या हातचं.

मुलाकडचे चांगले होते. शेती, नोकरी, मुलगा सोनलला पसंत. बघण्याच्या कार्यक्रमाला तू पुढे बसलास, शहाण्णव किलोंच्या वेळचा कुर्ता घालून, खांद्यांवरून लोंबणारा. बोलणी छान झाली. आठवड्याने मध्यस्थाचा फोन आला. मुलाची आई विचारतेय, मुलीच्या मामांना काही मोठं दुखणं आहे का? टीबी वगैरे? घराण्यात काही असेल तर आधी सांगितलेलं बरं.

मी काय सांगायला हवं होतं? सांगायला हवं होतं की माझा भाऊ डॉक्टरच्या सांगण्यावरून वजन उतरवतोय, बरा होतोय. दोन वाक्यांचं काम. पण ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कशासाठी उतरवतोय? मग शुगर आली, बीपी आलं, किडनी आली. आणि मुलीचा बाप आधीच गेलेला. मी घाबरले, नाना. मी म्हटलं, छे, छे, धावपळ झालीय जरा, बाकी धडधाकट आहे. आणि त्याच रविवारी तुझ्याकडे आले.

रेखा मागे कपडे धूत होती. तू ओसरीवर दीड भाकरीचं ताट घेऊन बसला होतास. मी म्हटलं, "नाना, चार महिना जरा खाय. लगीन व्हई जाऊ दे, मंग काय करानं ते कर." तू वर बघितलंस. मी मध्यस्थाचं सगळं सांगितलं. मला वाटलं, आता नेहमीसारखं हसण्यावारी नेशील, मला चार शब्द सुनावशील, अक्का तुला वेड लागलंय म्हणशील. मी त्याची वाटच बघत होते. तू म्हणालास, "तू सांगस तं खासू." आणि भाकरी मोडून तूप मागितलंस.

लग्नात तू शोभून दिसलास. सगळे म्हणाले. कोटाची बटणं ताणलेली, गाल भरलेले, अंतरपाटाच्या मागे भाचीचा हात धरून उभा. विहीणबाईंनी माझ्या कानाशी येऊन म्हटलं, मामांची तब्येत छान सुधारली. मला इतकं बरं वाटलं तेव्हा. सोनल सुखात आहे, हे खरंच आहे. तो मुलगा चांगला निघाला. म्हणून मला मुद्दाम वाईटही वाटून घेता येत नाही, हे बघ, तेही नीट जमत नाही.

चार महिने म्हटलं होतं मी. पण चार महिने खाल्ल्यावर कोण परत दीड भाकरीवर येतं? चालणं सुटलं ते सुटलंच. तंबाखू परत आली. आता बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी तूच बंद केलीस, कुणाला न विचारता. वजन शंभरीपार. गुडघे बोलायला लागले, तर मेडिकलवाल्याकडून गोळ्या, रोज एक, लग्नसराईत दोन, विसरवाडीच्या उन्हात पाणी न पिता. पुढच्या तपासणीला ये म्हणून डॉक्टरबाईच्या दवाखान्यातून फोन यायचे, तू त्यांना हंगाम चालू आहे सांगायचास. तुझा हंगाम बारा महिने. दोनेक वर्षांनी शुगर झाली, खरी, गोळ्यांची. तीही तू मला सहा महिन्यांनी सांगितलीस. मी ओरडले की म्हणायचास, बघतो. रेखा काही बोलत नव्हती. मला त्याचं नवल वाटायचं. ज्या बाईने ताट उचलून नेलं होतं ती आता मुकाट्याने पुऱ्या का तळतेय? मी सोनलला एकदा म्हटलंसुद्धा, तुझ्या मामीने पार हात टेकले बघ. किती सहज म्हणून गेले.

पायांवर सूज आली, लघवीला फेस यायला लागला. फेस तू मोरीतल्या साबणाचा ठरवलास. मोरीत साबणच नसतो तुमच्या, बाहेर ठेवता तुम्ही. शेवटी दम लागायला लागला तेव्हा नेलं. तीच डॉक्टरबाई, आता तिच्याही केसांत पांढरं दिसायला लागलेलं. तिने जुनी फाइल काढली, तुझा तो पास झाल्याचा रिपोर्ट वर होता. मी विचारलं, नेमकं कशाने झालं? ती म्हणाली, एका कशाने नाही हो. वजन, बीपी, शुगर, दुखण्याच्या गोळ्या, सगळ्यांनी मिळून. कुणाचा वाटा किती ते सांगता येत नाही. मी बाहेर येऊन बाकावर बसले. मला तेवढंच तर हवं होतं, माझा वाटा किती, आणि तेच सांगता येत नाही म्हणे.

आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. दीड वर्ष. रेखा प्रत्येक वेळी तुझ्याबरोबर, एसटीने किंवा मिळेल त्या गाडीने, आणि मी निवृत्त झाल्यावर माझीही फेरी. पाणी मोजून, फळं मोजून. पपईचा हंगाम, जिल्हाभर पपई, आणि तुला एक फोड नाही. तू डायलिसिसच्या खुर्चीतसुद्धा नर्सना हसवायचास. बर्फाचा एक खडा मिळावा म्हणून काय काय गोष्टी सांगायचास.

तिथेच एके दिवशी, तू मशीनवर झोपलेला असताना, रेखा मला म्हणाली, "अक्का, डॉक्टरबाईंनीच तेव्हा खायला सांगितलं होतं ना यांना? सोनलच्या लग्नाच्या आधी. हेच म्हणाले होते, रिपोर्ट चांगला आलाय, आता अशक्तपणा नको, मनसोक्त खा असं बाई म्हणाल्या. मी म्हटलं, डॉक्टरच सांगतात तर आपण कोण अडवणार. मीच मग चांगलंचुंगलं करत गेले. बाईंना एकदा विचारावंसं वाटतं, असं कसं सांगितलंत?"

मी म्हटलं, जाऊ दे, आता विचारून काय होणार.

तू जागा झाल्यावर, ती औषधं आणायला गेली तेव्हा, मी तुला विचारलं, रेखाला खोटं का सांगितलंस? तू डोळे न उघडता म्हणालास, "तुन्हं नाव सांगतू तं ती तुन्हासंगे बोलतीच नही." आणि मग मला म्हणालास, तिले सांगू नको. मी रडायला लागले. मी म्हटलं, नाना, मी तुला खायला लावलं रे. तर तू म्हणालास, "माले खावानंच व्हतं अक्का. मी निमित्त धुंडी ऱ्हायंतू, तू ते दिधं."

यावर आपलं भांडण राहिलंय, नाना. तुला खरंच खायचं होतं आणि तू निमित्त शोधत होतास, की माझं मन राखायला बोललास? मी दोनदा विचारलं. एकदा तू हसलास, एकदा नर्स आली. तिसऱ्यांदा विचारायचं मी ठरवलं होतं, पुढच्या सोमवारी. शनिवारी सकाळी दाढी करता करता तू गेलास. डॉक्टर म्हणाले, हृदय. किडनी बिघडली की हृदयावर येतं म्हणे. तेही तू नेहमीप्रमाणे मला न सांगताच.

दुखवट्याला दारावर बायका यायला लागल्या. तुला माहिती आहे आपल्याकडचं दारावर बसणं. पदर तोंडाला, पहिली पाच मिनिटं रडणं, आणि मग सुरू. नानाला जेवणाची फार आवड. बायकोचा हात मोकळा होता. बाईने मनावर घेतलं असतं तर माणूस इतका फुगला नसता. तिकडची आहे, तिला काय आपल्या माणसाची पर्वा. हे सगळं हळू आवाजात, पण रेखाला ऐकू जाईल एवढ्या हळू. ती भिंतीला टेकून खाली बघत बसलेली. एकदाही म्हणाली नाही की डॉक्टरने सांगितलं होतं. आणि मी? मी शेजारी बसलेली. तिला ऐकून घ्यावं लागतंय ते माझ्या वाटणीचं आहे, हे कळत असून बसलेली. येणाऱ्या प्रत्येक बाईला मी पाणी दिलं. बारा दिवस.

गंधमुक्तीच्या, म्हणजे तेरवीच्याच दिवशी सोनलच्या सासूबाई आल्या. वाईट बाई नाहीत त्या. रेखाजवळ बसल्या, डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आम्हाला तेव्हाच शंका आली होती हो. बघायला आलो होतो तेव्हा मामा कसे वाळलेले होते. तेव्हापासूनच आजारी असणार. तुम्ही बोलला नाहीत, पण आमच्या लक्षात आलं होतं."

खोलीत पंधरा-वीस बायका. मी म्हटलं, "नाही विहीणबाई. तेव्हा तो आजारी नव्हता. त्याच्या मागच्या पुढच्या सगळ्या वर्षांत तेवढाच काळ तो बरा होता. रेखाने केला होता बरा. तुम्ही विचारलंत म्हणून मी घाबरले, आणि मी त्याला सांगितलं खा. त्याने रेखाला सांगितलं डॉक्टर म्हणाले खा. डॉक्टर काही म्हणाले नव्हते. मी म्हणाले होते."

माझा आवाज चढला असणार, कारण बाहेरचे पुरुष गप्प झाले. विहीणबाईंनी तोंडावर पदर घेतला. कुणीतरी म्हणालं, अहो, दुःखात आहेत त्या. मी म्हटलं, दुःखात आहे, पण वेड लागलेलं नाही. रेखा उठली, आत गेली आणि पंगतीची पानं मोजायला लागली. मी हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही. तीन दिवस. काल दुकानातसुद्धा ती तुझ्या खणातल्या पट्ट्या एकेक करून पिशवीत भरत होती आणि मी एकटीच बडबडत होते.

आज सकाळी ती चहा घेऊन आली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली. मला वाटलं, आता ती मला घरातून जायला सांगेल, आणि मी पिशवी भरूनच ठेवली होती. ती म्हणाली, "अक्का, डायलिसिस सुरू झाल्यापासून मला वाटत होतं, माझ्याच हाताने झालं हे. जास्त घातलं मी. रोज रात्री ते ताट आठवायचं."

मी म्हटलं, तुझा हात नव्हता.

"ते कळलं आता," ती म्हणाली. "पण राग येतोय. तुमचा येतोय, तो जाईल कधीतरी. त्यांचा जास्त येतोय. मला खरं सांगितलं असतं तर मी भांडले असते हो. लग्न होईपर्यंत गप्प बसले असते कदाचित, पण दुसऱ्या दिवशी ताट उचललं असतं. मला भांडूच दिलं नाही त्यांनी."

मग ती रडली. सोळा दिवसांत पहिल्यांदा. मी तिला जवळ घेतलं, आणि तिने घेऊ दिलं.

तिचं तू ऐकलं असतंस, नाना. एकदा ऐकलंच होतंस, अकरा किलो ऐकलं होतंस. माझं तर जन्मभर काही ऐकलं नाहीस. शेती सोडू नको म्हटलं, सोडलीस. गोळ्या खाऊ नको म्हटलं, खाल्ल्यास. मीठ, तंबाखू, तपासण्या, सगळं या कानातून त्या कानात. सगळ्या आयुष्यात तू माझं एकदाच ऐकलंस.